सस्तन प्राणी आणि चिकाचे दूध

गेल्या पावसाळ्यात साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील एका द्विशिक्षकी शाळेस भेट देण्याचा योग आला. वर्गात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ चालू होता. गुरुजींनी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत व्याख्या लिहिली होती : ‘जे प्राणी पिलांस जन्म देतात व त्यांस दूध पाजून वाढवितात, ते सस्तन प्राणी होत.’ मुलांनी ती दोनदा एका सुरात म्हटली. मग गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, मांजर ही नेहमीची नावे आली. पाठ यथास्थित चालला होता. इतक्यात मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “गुरुजी, आमची गाय व्याली, पण वासरू मेले. मग त्याला दूध लागू पडले नाही का?”

गुरुजींनी चौकशी केली तेव्हा हकिगत अशी निघाली की, गाय व्यायल्यावर जार पडेपर्यंत वासरास आचळाजवळ जाऊ दिले नव्हते. पुढे दोन दिवसांचा चीक काढून त्याचा खरवस आळीत वाटला गेला. चीक जड असतो, वासरास पचत नाही, हगवण लागते, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत. तिसऱ्या दिवशी वासरास मोकळे सोडले, सहाव्या दिवशी त्यास हगवण लागली आणि आठव्या दिवशी ते गेले. हे ऐकून गुरुजी क्षणभर थांबले व पुढील प्राण्याच्या नावाकडे वळले. खरे सांगावयाचे तर मीही त्या वेळी काही बोललो नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरीही हाच प्रघात होता, आणि चिकाचा तांब्या शेजारी पोहोचविण्याचे काम मी मोठ्या हौसेने करीत असे. त्या मुलीस वर्गात जे उत्तर मिळावयास हवे होते ते शिक्षक बंधुभगिनींच्या हाती असावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम व्याख्येविषयी. सस्तन म्हणजे ज्यास स्तन आहेत तो. स्वीडनमधील निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या वर्गास स्तनावरून नाव दिले. तत्पूर्वी या प्राण्यांस ‘चतुष्पाद’ म्हणण्याची रीत होती. परंतु चार पाय सरड्यासही असतात व बेडकासही. उलट देवमाशास पाय मुळीच दिसत नाहीत, तरी तो आपल्या पिलास दूध पाजतो. पायांच्या संख्येवरून जे जुळत नव्हते ते दुधावरून जुळले. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळील समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद अभ्यासकांनी केली. पृथ्वीवरील हा सर्वांत मोठा प्राणी. त्याचे पिल्लू पाण्याखाली आईचे दूध पिते आणि त्यावर दिवसाकाठी सुमारे ९० किलो वजनाने वाढते. मुलांना हा आकडा सांगताना वर्गातील तीन-चार मुले एकत्र उभी करावीत, म्हणजे एका दिवसाची वाढ डोळ्यांपुढे येते.

फळ्यावरील व्याख्येत एक लहानशी दुरुस्ती मात्र हवी. ‘पिलांस जन्म देतात’ हे शब्द गाळले तरी चालतात, किंबहुना गाळावेतच. ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नावाचा प्राणी आहे. तो अंडी घालतो. तरीही तो सस्तन आहे, कारण अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांस तो दूध देतो. त्यास आचळ नसतात. पोटाच्या कातडीतून दूध पाझरते व पिले ते चाटून घेतात. दुधाच्या ग्रंथी या मुळात त्वचेतील घामाच्या ग्रंथींच्या नात्यातल्या आहेत, असे शास्त्रज्ञ मानतात ते यावरून ध्यानात येईल.

एखादा चौकस मुलगा विचारील की, पारवाही पिलास दूध पाजतो असे म्हणतात, मग तो सस्तन का नव्हे? पारव्याच्या गळ्यातील पिशवीच्या अस्तरापासून दह्यासारखा एक पदार्थ निघतो आणि तो नर व मादी दोघेही पिलास भरवितात. परंतु तो ग्रंथीतून पाझरलेला नसतो. अस्तरातील पेशीच गळून तो तयार होतो. नावापुरते ते दूध.

आपल्या भागात दुसरी एक गोष्ट सर्वत्र ऐकू येते. धामण रात्री गोठ्यात येते, गाईच्या मागच्या पायांस विळखा घालते व आचळास तोंड लावून दूध पिते. गाय आटली की त्याचा बोल धामणीवर येतो. या समजुतीस हसण्यापेक्षा तिचा पाठासाठी उपयोग करावा. मुलांस रिकामी मूठ तोंडास लावून चोखण्याची क्रिया करावयास सांगावी आणि त्या वेळी तोंडात काय काय हलते ते विचारावे. ओठ घट्ट मिटतात, गाल आत ओढले जातात, जीभ मागे सरते. सापास मऊ ओठ नाहीत, चोखण्यास योग्य असे गाल नाहीत, आणि त्याची जीभ दोरीसारखी बारीक, टोकाशी दुभंगलेली आहे. शिवाय दात आत वळलेले. त्याने आचळ धरला तर गाय निमूटपणे उभी राहणार नाही. स्तनातून दूध ओढून घेण्यासाठी जे तोंड लागते ते सस्तन प्राण्यांच्या पिलांसच मिळालेले आहे. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी.

आचळांची मोजणी हा मुलांचा आवडता उद्योग होतो, असा अनुभव आहे. गाय व म्हैस यांस चार. शेळी, मेंढी, घोडी, गाढवी यांस दोन. उन्हाळ्याच्या सुमारास काठेवाडी लोकांचे तांडे आपल्या भागातून जातात त्यांच्याजवळील सांडणीस चार. कुत्रीस बहुधा आठ ते दहा. एका वेतात जितकी अधिक पिले तितके आचळ अधिक, असा सामान्य नियम मुले स्वतःच काढतील. वटवाघळाच्या मादीचे स्तन काखेजवळ असतात व पिल्लू तेथे घट्ट लटकून राहते. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात, आणि तिचे पिल्लू सोंडेने नव्हे, सोंड बाजूस सारून तोंडाने दूध पिते.

आता दूध होते कसे ते पाहू. बहुतेक मुलांची, आणि पुष्कळशा मोठ्या माणसांचीही, कल्पना अशी असते की कास ही एक पिशवी असून तीत पखालीप्रमाणे दूध साठलेले असते. वास्तविक कासेचा बराचसा भाग मांसल ग्रंथीचा असतो. या ग्रंथीत डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या असतात. प्रत्येक पिशवीच्या आतील बाजूस दूध तयार करणाऱ्या पेशींचे अस्तर, आणि बाहेरून रक्तवाहिन्यांचे जाळे. या पेशी रक्तातून पाणी, साखर, प्रथिनांचे घटक व स्निग्ध घटक उचलतात आणि त्यांपासून दूध घडवितात. दुधातील साखर तर शरीरात इतरत्र कोठेही तयार होत नाही, ती येथेच होते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी गाईच्या कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. ‘आईच्या रक्ताचे दूध होते’ असे आपल्याकडे म्हणतात. रक्त पांढरे होऊन दूध बनते असा त्याचा अर्थ घेतला तर तो चुकीचा. परंतु दुधातील प्रत्येक कण रक्ताच्या वाटेने आलेला आहे या अर्थाने ते बरोबर आहे. म्हणूनच गाईच्या अथवा बाळंतिणीच्या पोटात काय जाते याकडे पाहावे लागते.

दूध तयार झाले तरी ते आपोआप आचळात उतरत नाही. त्यासाठी पान्हा फुटावा लागतो. मराठीतील हा शब्द किती नेमका आहे हे शास्त्र पाहिल्यावर कळते. पिल्लू आचळास तोंड लावते, तेव्हा तेथील मज्जातंतूंमार्फत मेंदूस वर्दी जाते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. तेथून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात सोडले जाते. ते कासेत पोहोचले की सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायूसारखे तंतू आवळले जातात आणि दूध नळ्यांमध्ये लोटले जाते. याला सुमारे एक मिनिट लागते. गवळी धारेपूर्वी वासरास थोडे पिऊ देतो, कास धुतो, चोळतो, ते याचसाठी. काही दिवसांनी गाईस चोखण्याचीही गरज उरत नाही; बादलीचा आवाज अथवा वासराचे हंबरणे पुरते. मनुष्यातही असेच घडते. मूल रडल्याचे कानी येताच शेतात काम करणाऱ्या आईचे दूध वाहू लागते.

गाय पान्हा चोरते म्हणजे काय, हेही येथेच उलगडते. अनोळखी माणूस धारेस बसला, कुत्रे भुंकले, कोणी काठी मारली, तर भीतीमुळे रक्तात दुसरे एक द्रव्य येते व ते पहिल्याचे काम अडविते. दूध कासेत असते, परंतु उतरत नाही. गाय लबाडी करीत नाही, ती भ्यालेली असते. या कारणाने तिला मारणे म्हणजे उपायानेच रोग वाढविणे होय. काही लोक अधिक दुधाच्या लोभाने जनावरास याच द्रव्याची सुई टोचतात. दूध वाढविण्यासाठी दुभत्या जनावरास त्याच्या आरोग्यास घातक असे काहीही टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. मुलांस हे ठाऊक असलेले बरे.

पीयूषिकेतूनच प्रोलॅक्टिन नावाचे आणखी एक द्रव्य येते व त्यामुळे नवे दूध तयार होते. पिल्लू जितके चोखील तितके ते अधिक येते. उलट दूध स्तनात साठून राहिले की नवे तयार होणे मंदावते. ‘दूध पुरत नाही’ म्हणून बाटली लावली की मूल कमी चोखते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते, आणि आईची तक्रार खरी ठरते. हे चक्र आपण आपल्या घरांतून अनेकदा पाहिले असेल.

प्रत्येक जातीचे दूध त्या जातीच्या पिलाच्या मापाचे असते. गाईच्या दुधात स्निग्धांश सुमारे चार टक्के, म्हशीच्या सुमारे सात, गाढवीच्या फार थोडा, दीड टक्क्याच्या आत. उत्तर अटलांटिक समुद्रातील बर्फावर राहणाऱ्या सीलच्या एका जातीची मादी पिलास अवघे चार दिवस पाजते. त्या दुधात सुमारे ६० टक्के स्निग्धांश असतो आणि तेवढ्यात पिल्लू दुप्पट वजनाचे होते. बर्फ फुटण्यापूर्वी त्याचे अंग भरले पाहिजे, म्हणून ही घाई. सशाची मादी दिवसातून बहुधा एकदाच, काही मिनिटे बिळात येऊन पाजते. तिच्या घट्ट दुधावर पिले आठवड्याभरात जन्मवजनाच्या दुप्पट होतात. वासरास यासाठी दीड ते दोन महिने लागतात. मनुष्याच्या मुलास सुमारे पाच महिने. मनुष्याचे मूल सावकाश वाढते, म्हणून आईच्या दुधात प्रथिने अवघी एक टक्क्याच्या आसपास, तर गाईच्या दुधात तीन टक्क्यांहून अधिक. उलट आईच्या दुधात साखर गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त असते. तेव्हा तान्ह्या मुलास गाईचे दूध देणे आणि त्यात पाणी घालून ते ‘हलके’ करणे, या दोहोंनीही हिशेब जुळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चिकाकडे येऊ. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या बाबतीत एक गोष्ट मनुष्याहून वेगळी आहे, आणि तिची माहिती नसल्यामुळेच पुष्कळ वासरे, रेडके व करडे हकनाक मरतात. आईने आयुष्यात ज्या ज्या रोगांशी सामना केलेला असतो, त्यांविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली असतात. मनुष्यात ही प्रतिपिंडे गर्भारपणाच्या अखेरच्या काळात वारेतून मुलाच्या रक्तात उतरतात. गाईच्या जारेची रचना अशी आहे की, तीतून ती पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगांविरुद्ध जवळजवळ कोणतेही संरक्षण नसते. गोठ्यातील शेण, मूत्र, धूळ यांतील जंतू मात्र जन्मल्या क्षणापासून त्याच्या तोंडात जाऊ लागतात.

ही उणीव भरून काढण्याची योजना चिकात आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारेत प्रथिने नेहमीच्या दुधाच्या सुमारे चौपट असतात आणि त्यांतील मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. एरवी असे पदार्थ पोटात गेले तर ते पचून त्यांचे तुकडे होतात. नवजात वासराचे आतडे मात्र जन्मानंतर काही तासच असे ‘उघडे’ असते की, प्रतिपिंडे न तुटता सबंधच्या सबंध रक्तात शिरतात. ही वाट जन्मापासूनच हळूहळू बंद होऊ लागते. सहा तासांनंतर ती पुष्कळ अरुंद होते आणि सुमारे २४ तासांनी बंद होते. तिसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वासरास आचळाजवळ सोडले तेव्हा हे दार बंद झालेले होते. त्याने दूध प्याले, त्याचे पोट भरले, परंतु आईची रोगप्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात पोहोचली नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

‘चीक जड असतो’ ही समजूत कशावरून निघाली असावी? चीक घट्ट व पिवळा असतो, हे खरे. तो किंचित सारकही असतो, आणि त्यामुळे वासराचा पहिला चिकट मळ बाहेर पडतो. हे पाहून लोकांनी त्यास हगवण मानले असावे. खरी हगवण पुढे चार-आठ दिवसांनी येते, ती बहुधा जंतूंमुळे, आणि चीक न मिळालेल्या वासरास ती अधिक मारक ठरते. खरवसाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साधे दूध तापविले तर घट्ट होत नाही, पण चीक वाफेवर ठेवताच त्याच्या वड्या पडतात. असे का होते? चिकातील ही जादा प्रथिने उष्णतेने गोठतात म्हणून. ज्या द्रव्यांनी वासराचे रक्षण व्हावयाचे तीच आपल्या ताटात वडी होऊन येतात. एकदा तापविल्यावर त्यांचा वासरास संरक्षणासाठी उपयोग राहत नाही. म्हणून उकळलेला चीक वासरास पाजणेही व्यर्थ.

तरीही खरवसाला आपला विरोध नाही. चांगल्या दुभत्या गाईचा अथवा म्हशीचा चीक वासराच्या गरजेहून अधिक असतो. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा खरवस जरूर करावा. क्रम तेवढा बदलावा. वासरू उभे राहताच, एक ते दोन तासांच्या आत, त्यास पहिला चीक मिळाला पाहिजे. आणि पहिल्या २४ तासांत त्याच्या वजनाच्या सुमारे एकदशांश चीक तीन-चार वेळांत विभागून पोटात गेला पाहिजे. वीस किलोच्या वासरास दोन लिटर, असा सोपा हिशेब. अशक्त वासरास धरून आचळाशी लावावे.

जार पडण्याची वाट पाहणे ही दुसरी चूक. वासरू चोखू लागले की पान्ह्याचे तेच द्रव्य रक्तात येते, आणि ते कासेप्रमाणेच गर्भाशयासही आवळते. म्हणजे जार पडण्यास चोखण्याने मदतच होते. जार पडेपर्यंत वासरू बांधून ठेवणारा मनुष्य ज्याची वाट पाहतो त्यालाच विलंब लावतो.

आपल्या तालुक्यातील ठेलारी बांधवांचा मेंढ्यांचा व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मेंढी आपले कोकरू पहिल्या काही तासांत वासाने ओळखते व नंतर परक्या कोकरास लाथाडते. आई मेलेले कोकरू दुसऱ्या मेंढीस लावावयाचे झाल्यास, त्या मेंढीच्या मेलेल्या कोकराचे कातडे त्याच्या अंगावर घालण्याची युक्ती जगभरच्या मेंढपाळांत आहे. जुळ्या करडांपैकी दुबळे करडू मागे राहते, हेही मेंढपाळाच्या नजरेतून सुटत नाही. मेंढपाळांची मुले आपल्या शाळांत असतात, पण ती पावसाळा सरताच वाड्याबरोबर निघून जातात. या पाठाच्या वेळी ती वर्गात असतील तर त्यांनाच पुढे बोलवावे. त्यांस सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि एरवी त्यांना वर्गात बोलण्याची संधी क्वचितच मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचा व थोडा नाजूक भाग. जे चिकाचे तेच बाळंतिणीच्या पहिल्या दुधाचे. बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर दूध साचलेले अथवा नासके समजून पिळून टाकण्याची चाल अद्याप काही घरांत आढळते, आणि त्याऐवजी बाळास गुळाचे पाणी, मध किंवा घुटी चाटविली जाते. मनुष्याचे मूल वासराप्रमाणे अगदी निःशस्त्र जन्मत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु त्याच्या आतड्याचे अस्तर कोरे असते. आईच्या चिकातील प्रतिपिंडे त्या अस्तरावर लेपासारखी बसतात व हगवणीच्या जंतूंस आत शिरू देत नाहीत. पहिल्या दिवशी हे दूध काही चमचेच येते, म्हणून घरची माणसे घाबरतात. पण बाळाचे जठरही तेवढेच लहान असते. जन्मानंतर एका तासाच्या आत बाळास स्तनाशी लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यायोगे आईचे गर्भाशय आवळून रक्तस्रावही कमी होतो. एक वर्षापर्यंत मध मुळीच देऊ नये; त्यातील एका जंतूमुळे तान्ह्या मुलास घातक आजार होऊ शकतो.

खानदेशच्या उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न हटकून येतो : बाळास तहान लागत असेल, पाणी पाजावे की नाही? आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही, वैशाखातही नाही. बाळास अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. वरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी जाते, आणि टँकरच्या अथवा उघड्या विहिरीच्या पाण्यातून हगवण येते ती निराळीच.

ज्या बालकास काही कारणाने आईचे दूध मिळू शकत नाही, त्यासाठीही आपल्या राज्यात फार पूर्वी वाट काढली गेली. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील ही पहिलीच. इतर मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात व अपुऱ्या दिवसांच्या बालकांस देतात. पुढे १९९२ साली बालकांसाठीचे डब्याचे दूध व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींस बंदी घालणारा कायदा देशात झाला. दुकानातील डब्यावर आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना छापलेली असते ती याच कायद्यामुळे. रिकामा डबा वर्गात आणून मुलांस ती वाचावयास द्यावी.

हा विषय वर्गात कसा मांडावा, याविषयी थोडेसे. पाठ जनावरांपासून सुरू करावा. गोठा मुलांच्या परिचयाचा असतो व तेथे संकोच नसतो. स्तन, आचळ, कास हे शब्द सहज, नेहमीच्या स्वरात उच्चारावेत. शिक्षक अडखळले की वर्ग हसतो. बाळंतिणीच्या दुधाचा भाग सातवी-आठवीच्या मुलींस शिक्षिका भगिनींनी अंगणवाडी सेविका अथवा आशाताई यांच्या मदतीने सांगितल्यास उत्तम. परंतु मुलांस तो वर्ज्य करू नये, उद्या तेही घरातील कर्ते होणार आहेत. मात्र मुलांस घरी वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यासाठी पाठवू नये. आजीने आयुष्यभर ज्या रीतीने बाळंतपणे केली तिला नातवाने मूर्ख म्हणणे हे शिक्षण नव्हे. त्याने ‘गुरुजींनी असे सांगितले’ एवढेच घरी सांगावे. ऐकावयाचे की नाही ते घर ठरवील. गाय व्याल्यावर आजीनेच एकदा वासरास आधी पाजून पाहिले, तर पुढच्या वेळी कोणी सांगावे लागत नाही.

प्रात्यक्षिक म्हणून शाळेत एक नोंदवही ठेवावी. गावात गाय, म्हैस किंवा शेळी व्याली की ज्या मुलाच्या घरची ती असेल त्याने स्वतः नोंद लिहावी : व्याल्याची तारीख व वेळ, पिल्लू केव्हा उभे राहिले, पहिले दूध केव्हा प्याले, जार केव्हा पडली, खरवसासाठी चीक केव्हा व किती काढला, आणि पुढील १५ दिवसांत पिल्लू आजारी पडले काय. शेळ्यांच्या नोंदी लवकर जमतात, कारण गावात शेळ्या पुष्कळ व त्यांचे वेतही जवळजवळ. व्यालेल्या गाईच्या मागे अथवा पिलांपाशी बसलेल्या कुत्रीजवळ मुलांनी जाऊ नये, अशी सक्त ताकीद द्यावी. या वेळी शांत जनावरही अंगावर येते, आणि कुत्रीच्या चाव्याची बाब तर दवाखान्याची होते.

ज्या रकान्याची माहिती मिळाली नसेल तो मोकळा ठेवावा, अंदाजाने भरू नये. पिल्लू दगावले असेल तर ती नोंदही लिहावी. कोणाची चूक झाली हे मात्र वहीत लिहू नये. वर्षाअखेरीस ही वही जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवावी. केव्हा चीक मिळाला व पुढे काय झाले, हे त्यांच्याही उपयोगी पडेल. पुढील शाळाभेटींत मी ही वही पाहावयास मागेन. सुरेख अक्षरांची अपेक्षा नाही, वेळा तेवढ्या खऱ्या असाव्यात.